झाकणावरच्या चंदेरी रेघा

६ एप्रिल, रविवार. सकाळी ६.१०

ईदची सुट्टी संपली. आजपासून फॅक्टरी पूर्ण वेळ, म्हणून ही नवी वही. सव्वीस वर्षं मशीनची लॉगबुकं भरली, स्वतःचं एकही नाही. लॉगबुकच्या पहिल्या पानावर मशीनची माहिती लिहायची पद्धत आहे, तेव्हा:

उमाकांत. वय एकावन्न. मुक्काम दम्माम. प्लॅस्टिक मोल्डिंगमध्ये प्रोसेस सुपरवायझर. बी.पी. गोळीवर कंट्रोलमध्ये. मुलगी आसावरी, पुण्याला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. बायको वीणा, १३ फेब्रुवारीपासून मिरजेला माहेरी.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं सविस्तर. सासूबाई अचानक सिरियस झाल्या आणि गेल्या. वीणा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. इथून बायकोला बाहेर पडायचं तर तिचा एक्झिट-रीएंट्री व्हिसा नवऱ्यानेच आपल्या फोनवरून काढायचा असतो, आणि नेमकं पोर्टल तीन दिवस बंद होतं. टेक्निकल प्रॉब्लेम. कुणाचा दोष नाही.

त्या व्हिसावर तिला १५ मेच्या आत परत यायचं आहे. नाही आली तर व्हिसा खलास, आणि इथला बावीस वर्षांचा संसारही कागदावरून खलास. पण तो प्रश्नच येत नाही. ती येणार. मी ९५ टक्के धरतो. उरलेले पाच टक्के विमान कंपनीचे.

संकल्प:
१. रोज सकाळी चालणे.
२. बाहेरचं खाणे बंद. (फेब्रुवारीत पंधरा दिवस बाहेर खाल्लं, पोटाचे हाल झाले. रमझानात दुपारचं जेवणच नसतं, त्यामुळे महिना निभावला.)
३. वीणाला रोज फोन. तक्रार करायची नाही.

चालायला उशीर झाला. उद्यापासून.

६ एप्रिल, रात्री ८

नवी सिस्टिम यशस्वी. परवा आठवड्याची आमटी एकदम केली, भात एकदम केला, स्टीलच्या पाच डब्यांत भरून फ्रीझरमध्ये. डब्यांवर तारखेची लेबलं. आधी भरलेला आधी खायचा. वीणाने बावीस वर्षांत अशी शिस्त कधी ठेवली नाही. रोज पहाटे पाचला उठून ताजं करत बसायची आणि उगाच दमायची.

डबा गरम करायचीही सोय झाली. कँटीनचा मायक्रोवेव्ह मासळीने घमघमतो. पण मटेरियल, म्हणजे प्लॅस्टिकचे दाणे, सुकवायचा ओव्हन आपलाच आहे, बरोबर ऐंशी डिग्रीला. त्याचा खालचा ट्रे रिकामाच असतो. सकाळी साडेसातला झाकण सैल करून बर्फाचा गोळा ठेवला, साडेबाराला आमटी-भात वाफाळता. ओव्हनवर 'आत खाद्यपदार्थ ठेवू नयेत' अशी तीन भाषांत नोटीस आहे. ती मीच लावली आहे, ऑपरेटर लोकांसाठी.

आमटीत मीठ नव्हतं. पाचही डब्यांत नसणार.

७ एप्रिल, सोमवार

मोठी ऑर्डर. खजुराच्या डब्यांची पारदर्शक झाकणं, अ‍ॅक्रिलिकची, चाळीस हजार. हजला येणाऱ्या पाहुण्यांना द्यायचे डबे, त्यामुळे २० मेच्या आत माल पाहिजे. सकाळी मटेरियल ओव्हनमध्ये सुकतं, दुपारी चार नंबरच्या मशीनवर झाकणं निघतात. रमझानात दोन हजारांचं सॅम्पल दिलं होतं. काचेसारखं. एकही पीस परत आला नाही.

आज दुपारी पहिल्याच पीसवर रेघा. मध्यापासून निघून सगळीकडे पसरलेल्या, चंदेरी. कोंबडीने पाय घासावेत तशा. आपल्या भाषेत सिल्व्हर.

यासीनला म्हटलं, घाबरू नकोस, उद्या दुपारपर्यंत काढतो. यासीन हर्णैचा, मशीन त्याच्याकडे असतं, आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतो. माणूस चांगला, पण अनुभव कमी. अठराच वर्षं.

वीणाला फोन केला. सिल्व्हरबद्दल सांगितलं. ती हं म्हणाली. तिचं कसं चाललंय ते विचारायचं राहिलं, मुद्दा मोठा होता.

९ एप्रिल, बुधवार

सिल्व्हरची कारणं मी झोपेतही सांगू शकतो. मटेरियल ओलं, मटेरियल करपलेलं, किंवा आत हवा अडकलेली. ओलं असणं शक्य नाही, कारण ओव्हन माझ्या देखरेखीखाली आहे. म्हणजे दाणे वितळतात त्या बॅरलचं तापमान. दहा डिग्री कमी केलं. रेघा तशाच, वर झाकण अर्धवट भरायला लागलं. पुन्हा वाढवलं.

आज ४१० पीस रिजेक्ट, ग्राइंडरमध्ये.

वीणाने फोन उचलला नाही. मिरजेला लाइट गेले असणार.

११ एप्रिल, शुक्रवार. सुट्टी

दुसरी बॅच. मीठ घातलं. दोनदा घातलं असावं.

फोडणीच्या धुराने डोळ्यांतून पाणी आलं, ते जरा जास्तच वेळ येत राहिलं. एक्झॉस्ट फॅन साफ करायला हवा. वीणा कोणत्या शुक्रवारी करायची कोण जाणे, मला तो कधी घाण दिसलाच नाही.

घर फार शांत आहे. टीव्ही लावून ठेवतो. वीणाची साडी इस्त्रीच्या टेबलावर तशीच आहे, अर्धी इस्त्री झालेली. उचलायची तर घडी कशी घालतात ते माहीत नाही. राहू दे. आल्यावर घालेल.

१६ एप्रिल, बुधवार. संकष्टी

यश! 

बॅक प्रेशर पाच बार वाढवलं आणि दुपारी पहिल्या पीसपासून शेवटपर्यंत एकही रेघ नाही. अठराशे झाकणं, सगळी पास. उपाशीपोटी डोकं किती स्वच्छ चालतं पाहा. सकाळी फक्त चहा, दुपारी काही नाही, डबाच आणला नव्हता.

हम्मादने पाठ थोपटली. हम्माद म्हणजे मालकाचा पुतण्या, आमचा मॅनेजर, एकोणतीस वर्षांचा. 'मुहंदिस नंबर वन' म्हणाला. इंजिनियरला ते मुहंदिस म्हणतात. मी डिप्लोमावाला आहे, पण मी काही बोललो नाही.

वीणाला मेसेज: 'प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड.' तिचं उत्तर: 'कुठला?'

१७ एप्रिल, गुरुवार

पुन्हा रेघा. बॅक प्रेशर तेच. स्पीड तोच. साचा तोच.

यासीनला विचारलं, कशाला हात लावलास का? तो म्हणाला, नाही सायब. खोटं बोलत असावा.

२२ एप्रिल, मंगळवार

आता संशय समुद्रावर. दम्मामची हवा दमट. खिडक्यांच्या फटींना टेप लावला, ओव्हनची वरची जाळीही बंद करून टाकली म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरायला नको. रेघा वाढल्या. म्हणजे समुद्राचंच काम, सिद्ध झालं.

वर ग्राहकाकडून नवी तक्रार. पास झालेल्या झाकणांनाही किंचित वास येतो म्हणे. हम्मादने एक झाकण माझ्या नाकाला लावलं आणि विचारलं, मुहंदिस, ये क्या है, मसाला? मी शास्त्रीय उत्तर दिलं. नव्या अ‍ॅक्रिलिकला मोनोमरचा वास असतो. त्याने पुन्हा हुंगलं आणि म्हणाला, मोनोमर में हिंग डालता है क्या. सात वर्षं हिंदुस्तानी लोकांबरोबर काम करून त्याला हिंग ओळखता येतो, एवढंच यातून दिसतं.

सप्लायरला कडक ई-मेल लिहिला.

२५ एप्रिल, शुक्रवार

आसावरीचा फोन. मी विचारलं आईचं तिकीट कधीचं बघू. ती इंग्लिशमध्ये बोलायला लागली. लहानपणापासून अवघड विषय निघाला की ती इंग्लिशमध्ये शिरते, इथल्या शाळेची सवय. मग मराठीत म्हणाली, बाबा, आईने मिरजेला नोकरी धरली आहे. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, काउंटरवर, रिपोर्ट द्यायचं काम. चार दिवस झाले.

म्हटलं, वा, छान, तेवढाच टाइमपास. पण लॅबवाल्यांना सांगून ठेव म्हणावं की १५ मेच्या आत सोडावी लागेल. नंतर त्यांची गैरसोय नको.

आसावरी 'बाबा' म्हणाली, पुढचं ऐकू आलं नाही. नेटवर्क खराब होतं.

जाता जाता तिने विचारलं, बाबा, आजी गेली तेव्हा पोर्टल खरंच बंद होतं? म्हटलं, मग मी काय खोटं सांगतो? ती म्हणाली, नाही, असंच विचारलं.

बी.पी. पाहिलं. १५० वर ९६. मशीन जुनं झालंय.

२ मे, शुक्रवार

लग्नाचा वाढदिवस. तेवीस वर्षं.

सकाळी सातला वीणाला मेसेज केला. शुभेच्छा, आणि एक सूचना: घाई वाटत असेल तर व्हिसा एक महिना वाढवून घेतो, इथून ऑनलाइन होतं, काही त्रास नाही. दिवसभर उत्तर नाही. चारला आलं.

'व्हिसा वाढवू नका. बी.पी.च्या गोळ्या संपल्या असतील, नवं पाकीट पडद्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे.'

चार वेळा वाचलं. अर्थ उघड आहे. वाढवू नका, म्हणजे गरज नाही. म्हणजे ती १५ मेच्या आत येते आहे! गोळ्यांची काळजी करते म्हणजे मनात राग नाही. आता ९८ टक्के धरायला हरकत नाही.

गोळ्या पडद्यांच्या ड्रॉवरमध्ये होत्या. आपल्या घरात पडद्यांचा ड्रॉवर आहे हे मला आज कळलं.

आनंदाने बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. खाली यासीनची बायको अदिबा मुलाला सायकल शिकवत होती. वर बघून तिने हात केला, वीणाभाबी कवां येतात, म्हणून विचारलं. म्हटलं, याच आठवड्यात. ती हसली नाही. खाली बघून सायकल धरायला लागली.

३ मे, शनिवार

तयारी:
१. एक्झॉस्ट फॅन साफ केला. बाथरूम साफ केलं. फरशी तीनदा पुसली.
२. फ्रीझर साफ केला. तिने ते डबे पाहायला नकोत. (काम चालू राहावं म्हणून पाच ठेवले.)
३. मोगऱ्याचं रोप आणलं. दुकानदार म्हणाला सावलीत ठेवा. बाल्कनीत ठेवलं.

मोगरा संध्याकाळपर्यंत वाळला.

८ मे, गुरुवार. एकादशी

कमाल आहे. आज पुन्हा दोन हजार झाकणं, सगळी स्वच्छ. मी काहीही बदललं नव्हतं! सकाळी मीटिंगमध्ये हम्मादने सुनावलं होतं की २० तारखेपर्यंत माल गेला नाही तर मशीन दुसऱ्याच्या हाती देतो. आणि दुपारी मशीन आपोआप सुधारलं. वरच्याची कृपा. मी उपाशी होतो, मनात वीणाचा विचार होता.

निघताना यासीन पुढ्यात येऊन उभा राहिला. टोपी हातात घेऊन. म्हणाला, सायब, रागावू नका, पण तुमचा उपास असला की माल चोख येतो. संकष्टीला तसंच झालेलं. रमजानात तर महिनाभर तसंच होतं.

मी त्याला म्हटलं, यासीन, प्रोसेस इंजिनियरिंगमध्ये श्रद्धा आणू नकोस. तो म्हणाला, श्रद्धा नाय सायब. आणि टोपी घालून निघाला.

वीणाने तिकिटाचं अजून कळवलेलं नाही. सरप्राइज देणार असावी. तिचा स्वभाव तसा नाही, पण माणूस बदलतो.

११ मे, रविवार

सकाळी साडेअकराला यासीनने मला ओव्हनपाशी बोलावलं. एकट्याला. हम्माद बाहेर गेल्याची खात्री करून घेतली होती त्याने. दार उघडलं. आतून वाफेचा लोट आला आणि माझा चष्मा धुरकटला. चष्मा पुसून पाहिलं तर दाराच्या काचेवर पाण्याचे थेंब. वरच्या ट्रेमध्ये अ‍ॅक्रिलिकचे दाणे. खालच्या ट्रेमध्ये माझा डबा, झाकण सैल, आमटी रटरटतेय.

यासीन खाली बघून उभा. म्हणाला, सायब, बर्फाचं पाणी जाईल कुठं. जाळी पण बंद केलीत तुमी.

मी म्हटलं, शक्य नाही. एवढ्याशा डब्याने? मग दुपारी ट्रायल घेतली. एका ट्रेचं मटेरियल डबा ठेवून, एका ट्रेचं दुसऱ्या खात्याच्या मोठ्या ओव्हनमध्ये डब्याविना. पन्नास-पन्नास शॉट. पहिल्या पन्नासांत एकेचाळीस रेघावाले. दुसऱ्या पन्नासांत एकही नाही.

सव्वीस वर्षांचा अनुभव आणि माझ्याच आमटीने मला हरवलं. पाच आठवड्यांत सात हजारांवर झाकणं ग्राइंडरमध्ये गेली. मी समुद्राला दोष दिला, सप्लायरला दिला, यासीनला खोटारडा म्हटलं. वहीत लिहिलंय वर, दिसतंय मला.

यासीनला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाला, पहिल्या आठवड्यात. म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, भाबी नायत, तुमाला गरम खायला दुसरं काय हाय, म्हणून. मग त्याने हळूच सांगितलं की अदिबा रोज एक डबा जास्त करायला तयार आहे. शाकाहारी. वेगळ्या भांड्यात.

मला तिथेच रडू आलं, कंप्रेसरच्या आवाजात. यासीनने तोंड फिरवून मशीनला तेल घातलं. त्या मशीनला तेल लागत नाही.

१२ मे, सोमवार

हम्मादला खरं सांगितलं. तो ओरडेल म्हणून तयारीत होतो. तो आधी हसला, खूप हसला, मग म्हणाला, मॅडम को बुलाओ यार, यल्ला, जल्दी, हमारा फॅक्टरी बचाओ. मग गंभीर होऊन म्हणाला की ग्राहकाला लेखी कारण द्यावं लागेल. व्हाय-व्हायचा फॉर्म. एक 'का' विचारायचा, उत्तर आलं की त्याला पुन्हा 'का', असं पाच वेळा. पाचव्याला मूळ सापडतं म्हणतात.

इतरांकडून हा फॉर्म मी शेकड्यांनी भरून घेतला आहे. स्वतःचा पहिल्यांदाच. आधी इथे कच्चा:

झाकणावर रेघा का? मटेरियल ओलं.
मटेरियल ओलं का? ओव्हनमध्ये सुपरवायझरचा डबा.
ओव्हनमध्ये डबा का? घरून गरम डबा येणं बंद झालं.
ते बंद का झालं? वीणा मिरजेला आहे, परत आलेली नाही.
वीणा परत का आलेली नाही?

ग्राहकाला पहिली दोन उत्तरं पाठवली. तेवढी पुरतात.

१३ मे, मंगळवार. पहाटे ५

पाचवा का.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी मिरजेहून फोन आला की आई सिरियस आहे. मी बूट घालत होतो. वीणा म्हणाली, आजच व्हिसा काढा हो, रात्रीच्या विमानाने जाते. मी हो म्हटलं. फॅक्टरीत बादलीच्या साच्याची ट्रायल होती. फोन खिशात होता. दिवसभर खिशात होता. व्हिसा काढायला चार मिनिटं लागतात.

रविवारी रात्री घरी आलो तर तिची बॅग भरून दारापाशी. म्हटलं, पोर्टल बंद आहे. सोमवारी म्हटलं, अजून बंद आहे. मंगळवारीही. तीनदा सांगितल्यावर मलाच ते खरं वाटायला लागलं. बुधवारी सकाळी सासूबाई गेल्या. बुधवारी दुपारी व्हिसा काढला. चार मिनिटं लागली.

पोर्टल एक दिवसही बंद नव्हतं.

ट्रायल हे कारण नाही. ट्रायलमध्ये चार मिनिटं मिळतात, मी दोनदा चहा प्यायलो होतो. मला वाटलं, सासूबाई दर हिवाळ्यात सिरियस होतात आणि उठून बसतात. वाटलं, ही एकदा गेली की महिना-दोन महिने येणार नाही. वाटलं, जेवणाचं काय. हे मनात आलं होतं. अगदी याच शब्दांत आलं होतं, जेवणाचं काय.

यापुढे 'का' विचारायला जागा नाही. मी वाईट वागलो. तिची आई गेली आणि तिला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, माझ्या डब्यासाठी.

१४ मे, बुधवार

रात्रभर विचार केला आणि आता बरं वाटतंय. पद्धत सापडली आहे.

डिफेक्ट जात नाही तो मूळ कारण माहीत नसतं म्हणून. मूळ सापडलं आणि मान्य केलं की डिफेक्ट जातो. ओव्हनमधून डबा काढला, सोमवारपासून एकही रेघ नाही. नियम आहे. घराला वेगळा नियम कसा असेल? वीणाला कारण माहीत नाही, तिला वाटतंय पोर्टल बंद होतं आणि मी नुसताच कोरडा वागलो. खरं कळलं की आधी रागावेल, मग मोकळी होईल. मी माफी मागणार. नीट, कारणासकट.

योजना: उद्या दुपारी दीडला फोन. तिकडे चार वाजलेले असतात, लॅबमध्ये गर्दी कमी. उद्याची शेवटची तारीख आहे, पण मुंबईहून संध्याकाळचं विमान आहे, मिरजेहून नाही जमलं तर मी ताबडतोब व्हिसा वाढवतो, चार मिनिटं. मुद्दे कागदावर काढले. ८५ टक्के धरतो. मुद्दाम कमी धरलेत.

साडीची घडी घातली. व्हिडिओ बघून. चौथ्यांदा जमली.

१५ मे, गुरुवार. दुपारी ३

दीडला फोन केला. तिने पहिल्या रिंगला उचलला. कँटीनच्या मागे उभा राहून कागदावरचे मुद्दे वाचले. ९ फेब्रुवारी. फोन खिशात. दोन चहा. पोर्टल चालू होतं. जेवणाचं काय, हेही वाचलं, गाळलं नाही. मग म्हटलं, वीणा, मला माफ कर.

ती म्हणाली, मला माहीत होतं.

त्या सोमवारी दुपारीच कळलं तिला. अदिबाच्या बहिणीचं लग्न होतं हर्णैला, यासीनने त्याच सकाळी अदिबाचा व्हिसा काढला होता आणि अदिबा वर आली होती, मोठी बॅग उसनी मागायला. भरलेली बॅग दारापाशीच होती. दोघी त्या बॅगेकडे बघत उभ्या राहिल्या, म्हणाली. अदिबा तशीच खाली गेली.

मी विचारलं, मग मला बोलली का नाहीस? पोर्टल चालू आहे, काढा आत्ताच्या आत्ता, असं का नाही म्हटलंस?

ती म्हणाली, तुम्ही रात्री सांगाल असं वाटलं. मंगळवारी वाटलं. मग वाटलं विमानतळावर तरी सांगाल. मग फोनवर. तुम्ही झाकणांचं सांगत होतात.

म्हटलं, आता सांगितलं ना. मूळ कारण मिळालंय, वीणा. आता पुन्हा होणार नाही. तू ये, मी आत्ता व्हिसा वाढवतो.

नेटवर्क चांगलं होतं, तिच्या मागे कुणाचा तरी टोकन नंबर पुकारत होते तेही ऐकू येत होतं. मग म्हणाली, अहो, कारण सापडलं की पुढचा माल चांगला निघतो. पण रेघा पडलेलं झाकण पुन्हा स्वच्छ होतं का? तुम्हीच सांगायचात.

मी जेवताना सांगायचो. बावीस वर्षं तिच्यासमोर बसून बोलत होतो, मला वाटायचं तिला यातलं काही कळत नाही. ती ऐकत होती.

म्हटलं, नाही होत. ती रेघ वरवरची नसते, आत असते. घासून जात नाही.

हो ना, ती म्हणाली. ती रडत होती. मीही. मग ती म्हणाली, काउंटरवर लोक आलेत, ठेवते. स्वतःला जपा.

व्हिसा वाढवला नाही. तिने नको म्हटलंय, तिचं एवढं तरी वेळेवर ऐकावं. रात्री बारा वाजता तो आपोआप संपेल.

टेक्निकली तिचं बरोबर आहे. मी खूप शोधलं, चूक सापडत नाही.

दुपारच्या पाळीला आतापर्यंत साडेनऊशे झाकणं. रिजेक्शन शून्य.